खेकड्याच्या कवचातला पीळ

दोन पाऊस चांगले झाले की सातपुड्याच्या पायथ्याच्या नाल्यांतले खेकडे आमच्याकडे बाजारात दिसू लागतात. गेल्या पावसाळ्यात माझं मनगट प्लास्टरमध्ये होतं, तेव्हा शेजारच्या आजी वाटीभर रस्सा घेऊन आल्या. "खेकडाना रस पी, हाड लवकर जुडी जाई." रस्सा झकास झाला होता. हाड मात्र त्याच्या वेळेनंच जुळलं. कवचाचा चिवटपणा असतो तो आतल्या धाग्यांच्या मांडणीत. खलबत्त्यात कवचं कुटली आणि पोटात पचली की ती मांडणी उरतेच कुठे? शिवाय आपल्या हाडातले कोलॅजेन या प्रथिनाचे थरही दिशा बदलत रचलेले असतातच, रश्श्याच्या आधीपासून.

'जे कडक ते मजबूत' असं आपण धरून चालतो. काच साध्या लोखंडावर ओरखडा काढते, पण ओट्यावरून पडली की संपली. कडक असणं वेगळं आणि भेग थोपवणं वेगळं. खेकड्याच्या कवचात कायटिन नावाचा चिवट पदार्थ आणि प्रथिनं यांचे अतिसूक्ष्म धागे असतात आणि त्यांच्या सांदीत कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूतलाच पदार्थ. खडू तर बोटानं मोडतो! मग कवचाला हे कसं जमतं?

सरळ धाग्याचा ओंडका कुऱ्हाडीच्या एका घावात उभा चिरतो, कारण भेगेला दोन धाग्यांमधली वाट आयतीच मिळते. आता खराट्याच्या काड्या घ्या. एक थर पूर्व-पश्चिम मांडा. त्यावरचा किंचित तिरपा, त्यावरचा आणखी तिरपा, असं करत अर्धं वर्तुळ पूर्ण करा. कवचात असे थर एकावर एक, फेऱ्यांमागून फेऱ्या, रचलेले असतात.

यात भेग शिरली की तिची फजिती बघा. पहिल्या थरात ती काड्यांच्या मधून सुखानं धावते. पुढच्या थरात मात्र काड्या आडव्या येतात. आता एक तर त्या तोडायच्या, नाही तर त्यांच्याबरोबर वळायचं. तोडायला ऊर्जा फार लागते, म्हणून ती वळते. पुढच्या थरात पुन्हा वळते. सरळ चिरेच्या जागी गोल जिन्यासारखा पिळलेला पृष्ठभाग तयार होतो. त्याचं क्षेत्रफळ जास्त, म्हणून तो फाडायला ऊर्जाही जास्त. त्याहून मजेची गोष्ट अशी, की भेग उघडणारा ताण असतो एका दिशेला आणि भेगेचं तोंड फिरून गेलेलं असतं भलतीकडे. त्यामुळे ओढ तेवढीच राहिली तरी टोकाशी तिचा जोर घटतो. शेजारी दुसऱ्या भेगा निघतात, पण त्याही आपापल्या पिळात अडकतात. एकमेकींना मिळून मोठं भगदाड पडायला वेळ लागतो. प्लायवूडमध्येही थर आडवे-उभे असतात, पण तिथे दिशा एकदम 90 अंशांनी बदलते, आणि अशा सांध्यावर थर सुटे होण्याची भीती जास्त. थोडं थोडं वळण घेतलं की तो ताण वाटला जातो.

ही रचना फ्रेंच जीवशास्त्रज्ञ यीव्ह बूलिगाँ यांनी उलगडली. कवचाचा तिरपा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की कमानींच्या रांगा दिसतात, म्हणून धागेच वाकडे असावेत असं वाटे. बूलिगाँ यांनी दाखवलं की धागे सरळच आहेत. थर फिरत गेल्यामुळे तिरप्या कापात कमानीचा भास होतो. या रचनेला आज त्यांचंच नाव आहे.

मॅंटिस श्रिंप नावाचा समुद्री जीव सोट्यासारख्या अवयवानं शिंपले फोडतो, तोही सेकंदाला 23 मीटरपर्यंतच्या वेगानं, म्हणजे ताशी 80 किलोमीटरच्या वर. हजारो ठोसे मारूनही सोटा टिकतो. आघाताच्या कडक थराखाली तिथेही हीच पिळलेली रचना असल्याचं 2012 साली दाखवलं गेलं. यावरून 'पोलादाहून इतक्या पटीनं मजबूत' असे मेसेज फिरतात. मजबूत म्हणजे ओढायला, दाबायला की तडा जायला? हे सांगितल्याशिवाय त्या 'पटीं'ना काही अर्थ नाही.

जाता जाता, भेगेशी संबंध नसलेली एक गंमत. काही सोनेरी-हिरव्या भुंगेऱ्यांच्या पाठीत हाच पीळ इतका बारीक असतो, की तो प्रकाशलहरींच्या मापात बसतो आणि परतणारा प्रकाश एकाच दिशेनं फिरत निघतो. भौतिकशास्त्रज्ञ मायकेलसन यांनी 1911 साली हे नोंदवलं. वर्तुळाकार ध्रुवीकरणाच्या, म्हणजे एका काचेतून डावीकडे आणि दुसरीतून उजवीकडे फिरणारा प्रकाश सोडणाऱ्या, थ्रीडी चष्म्यातून असा भुंगेरा बघितला, तर एका काचेतून चमकतो आणि दुसरीतून काळपट दिसतो. मी सिनेमाचा एक जुना चष्मा खणात जपून ठेवलाय. पावसाळ्यात दिव्याशी येणारा प्रत्येक भुंगेरा आधी त्यातून बघायचा, असा बेत आहे.