नायट्रो की इलेक्ट्रिक : आरसी मोटारींमधील निवड

रेडिओलहरींच्या साहाय्याने दुरून चालवायच्या छंदाच्या मोटारी, म्हणजेच आरसी गाड्या, मुख्यतः दोन प्रकारच्या असतात : मिथेनॉल व नायट्रोमिथेन यांच्या मिश्रणावर टू-स्ट्रोक इंजिन चालवणाऱ्या नायट्रो गाड्या आणि बॅटरीवर चालणाऱ्या इलेक्ट्रिक गाड्या. (पेट्रोलवरच्या १:५ प्रमाणाच्या, म्हणजे मूळ मोटारीच्या एक पंचमांश आकाराच्या, मोठ्या गाड्या हा तिसरा प्रकार, त्याचा विचार येथे केलेला नाही.) खेळण्यांच्या दुकानातल्या रिमोटच्या गाडीशी यांचा संबंध नावापुरताच. आरसी गाडीचा प्रत्येक भाग सुटा मिळतो, तो मोडला तर बदलता येतो, आणि १:१० किंवा १:८ प्रमाणाची ही गाडी मूळ मोटारीसारखीच सस्पेन्शन, डिफरन्शियल, गिअर घेऊन धावते. पहिली गाडी कोणती घ्यावी हा प्रश्न बहुतेक जण वेगावरून सोडवू पाहतात. पुण्यात तो जागेवरून आणि आपल्या हाताशी असलेल्या वेळेवरून सोडवावा लागतो.

नायट्रो इंजिनात ठिणगी पडत नाही. त्याच्या ग्लो-प्लगमध्ये प्लॅटिनमयुक्त तारेचे बारीक वेटोळे असते. सुरुवातीला दीड व्होल्टच्या सेलने ते लालभडक करायचे, इंजिन धरले की सेल काढून घ्यायचा. पुढे मिथेनॉलची प्लॅटिनमवर होणारी रासायनिक क्रिया आणि प्रत्येक ज्वलनाची उष्णता यांवर तार तापलेली राहते. नायट्रोमिथेन स्वतःच्या रेणूतच ऑक्सिजन घेऊन येते. एक ग्रॅम पेट्रोल जाळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते, मिथेनॉलला ६.४ आणि नायट्रोमिथेनला फक्त १.७. त्यामुळे तेवढ्याच सिलिंडरमध्ये कितीतरी जास्त इंधन जाळता येते आणि ३.५ सीसीचे इवलेसे इंजिन मिनिटाला ३०,००० फेऱ्यांच्या वर जाते. गाड्यांच्या इंधनात नायट्रोचे प्रमाण साधारण १६ ते ३० टक्के असते. वंगणाचे तेल इंधनातच मिसळलेले असते आणि त्यात बहुधा एरंडेल असते. नायट्रोच्या धुराला येणारा तो गोडसर, करपट वास एकदा नाकात बसला की विसरता येत नाही.

या इंजिनाची खरी परीक्षा सेटिंगमध्ये आहे. कार्बोरेटरला एक हाय-स्पीडची आणि एक लो-स्पीडची अशा दोन सुया असतात आणि पेचकसाच्या अष्टमांश फेरीनेही इंजिनाचा स्वभाव बदलतो. इंधन जास्त झाले (रिच) तर गाडी धूर ओकत जड चालते. कमी झाले (लीन) तर काही क्षण विलक्षण पळते आणि पिस्टन आणि स्लीव्ह (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ते नळकांडे) भाजून घेते. जाणकार मंडळी इंजिनाच्या हेडवर, म्हणजे सिलिंडरच्या माथ्यावर, पाण्याचा एक थेंब टाकतात. थेंब नुसता बसून राहिला तर इंजिन थंड आहे, तीन-चार सेकंदांत चुरचुरत उडाला तर ठीक, आणि पडताक्षणी नाहीसा झाला तर गाडी लगेच बंद करायची. हल्ली इन्फ्रारेड तापमापक स्वस्त झाले आहेत आणि हेड १०० ते १२० अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवावे असा सर्वसाधारण दंडक आहे. पण थेंबाची सवय सुटत नाही. चेतक तिरकी करून किक मारणाऱ्या पिढीला हे सारे चटकन उमगते. आकुर्डीच्या कंपनीचे चेतक हेच नाव २०२० पासून इलेक्ट्रिक स्कूटरवर आले आहे, आणि आरसीच्या मैदानावरही वारे त्याच दिशेने वाहत आहे.

पुण्याची हवा नायट्रोवाल्याला स्वस्थ बसू देत नाही. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने हवा किनाऱ्यापेक्षा पाच-सहा टक्के विरळ आहे. कारखान्याने सांगितलेल्या सुईच्या फेऱ्या येथे थोड्या रिचच पडतात. त्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहा-बारा अंश आणि दुपारी तीसच्या घरात, असा एका दिवसातला फरक. थंड हवा दाट असते, तिच्यात ऑक्सिजन जास्त असतो. म्हणून दुपारी नीट लावलेली सुई दुसऱ्या दिवशी सकाळी तशीच ठेवली तर इंजिन लीन होऊन तापते. सकाळी मैदानावर गेल्यावर सुई आधी थोडी उघडावी, मग कानाने ऐकत आवळत आणावी. पावसाळ्यात वेगळेच दुखणे उद्भवते : मिथेनॉल हवेतली ओल शोषून घेते, त्यामुळे झाकण सैल राहिलेला इंधनाचा डबा पंधरवड्यात खराब होऊ शकतो आणि टाकीत उरलेले इंधन बेअरिंग गंजवते. खेळून झाल्यावर टाकी रिकामी करणे आणि इंजिनात आफ्टर-रन तेलाचे चार थेंब सोडणे याला पर्याय नाही.

इलेक्ट्रिक गाडीची मांडणी साधी आहे : बॅटरी, स्पीड कंट्रोलर, मोटर. पूर्वीच्या ब्रशवाल्या मोटरी आणि निकेल-मेटल हायड्राइड सेल आता नवशिक्यांच्या गाड्यांपुरते उरले आहेत. ब्रशलेस मोटर आणि लिपो (लिथियम-पॉलिमर) बॅटरी आल्यापासून वेगात नायट्रो मागे पडली हे मान्य करायला हवे. लिपोचा एक सेल ३.७ व्होल्टचा, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ चा, दोन सेलांची ५००० एमएएचची बॅटरी मध्यम गाडीला साधारण पंधरा-वीस मिनिटे पळवते आणि ५ अँपियरने तासाभरात पुन्हा भरते. येथे कौशल्य लागते ते शिस्तीचे. सगळे सेल सारखे भरणारा बॅलन्स चार्जरच वापरायचा, सेल ३ व्होल्टच्या खाली जाऊ द्यायचा नाही, आठवडाभर खेळायचे नसेल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवायची, आणि फुगलेली बॅटरी कितीही नवी असली तरी पुन्हा चार्जरला लावायची नाही. एप्रिलच्या उन्हात बंद मोटारीत लिपो ठेवून जेवायला जाणे म्हणजे आगीला निमंत्रण.

जागेच्या बाबतीत पुण्यात नायट्रोचे फार हाल होतात. तिचा आवाज कर्कश असतो आणि पाव किलोमीटरवरून ऐकू येतो. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे आणि रुग्णालये, शाळा, न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरचा शांतता पट्टा असतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये नायट्रो सुरू करणे शेजाऱ्यांवर अन्याय आहे, मग ते कितीही समजूतदार असोत. राहिल्या टेकड्या. वेताळ टेकडी किंवा तळजाई येथे सकाळी माणसे शांततेसाठी येतात आणि मोर असतात. तेथे दोन्ही प्रकारच्या गाड्या नेऊ नयेत असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे. फेब्रुवारी ते मे या काळात टेकड्यांवरचे गवत वाळून कोळ झालेले असते आणि वणवे लागतात. मिथेनॉलची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही : इंधन सांडून पेटले तरी हाताला चटका बसेपर्यंत कळत नाही. आपटून भोक पडलेली लिपोही तितकीच घातक. त्यामुळे शहराबाहेर, मालकाच्या परवानगीने मिळालेली मुरमाड पड जमीन हीच नायट्रोची जागा, आणि सोबत वाळूची बादली किंवा अग्निशामक हवाच.

मुरमाची धूळ मात्र कोणालाच सोडत नाही. नायट्रोच्या हवेच्या फिल्टरला दर खेपेला धुऊन तेल लावले नाही तर ती थेट सिलिंडरमध्ये जाऊन घासते. इलेक्ट्रिकमध्ये ती मोटरची बेअरिंग आणि कंट्रोलरचा पंखा खाते. जूननंतर काळी चिकण माती चाकांना चिकटून गाडी दुप्पट जड होते आणि मोटर तापते.

खर्चाचे गणित उलटसुलट आहे. इलेक्ट्रिकला सुरुवातीला चांगला चार्जर आणि दोन-तीन बॅटऱ्या यांत पैसे घालावे लागतात, नंतर विजेचा खर्च नगण्य. नायट्रोला इंधन आणि ग्लो-प्लग यांचा खर्च संपत नाही. ज्वलनशील असल्याने इंधन विमानाने कुरिअर होत नाही, त्यामुळे ते मिळवणे हेच एक काम होऊन बसते. याउलट कनेक्टर, सिलिकॉन वायर, डाग देण्याचे सामान बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत सहज मिळते.

तेव्हा पुण्यात पहिली गाडी इलेक्ट्रिकच घ्यावी. नायट्रोची ओढ असेल, आणि ती असणे फार चांगले, तर आधी सुया लावायला शिकवणारा एखादा जुना खेळाडू शोधावा आणि त्याच्यासोबत पाच-सहा रविवार मैदानावर काढावेत. स्पर्धेत नायट्रोला अजून मान आहे : १:८ ऑफ-रोडच्या लांबलचक अंतिम फेऱ्यांत १२५ सीसीची टाकी पुनःपुन्हा भरावी लागते आणि पिटमधल्या माणसाच्या चपळाईवर शर्यत ठरते. बॅटरीच्या छोट्या फेरीत ती मजा नाही.

जुनी नायट्रो गाडी विकत घेताना प्लग लावलेल्या थंड इंजिनाचे फ्लायव्हील बोटांनी फिरवून पाहावे. स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती असते. पिस्टन तेथे पोचताना घट्ट अडकला, जोर लावावा लागला, तर इंजिनात जीव आहे. फ्लायव्हील अडथळ्याविना गरगर फिरले तर ते इंजिन संपलेले आहे आणि गाडीची किंमत फक्त चासीची धरावी.