तटस्थ झेंडा म्हणजे कवचकुंडलं नव्हेत

दूर कुठे युद्ध पेटलं की मर्चंट नेव्हीत मुलं असलेल्या मुंबईकर घरांत एक समजूत हमखास फिरते: ‘भारत युद्धात नाही, म्हणजे आपल्या जहाजाला कुणी हात लावू शकत नाही.’ हे अर्धंच खरं. तटस्थ व्यापारी जहाजावर मनमानी हल्ला करता येत नाही, पण ते अडवता नक्की येतं. खुल्या समुद्रात लढणाऱ्या देशाची युद्धनौका कागदपत्रं आणि माल तपासू शकते. शत्रूकडे निघालेली युद्धसामग्री सापडली किंवा जहाज नाकेबंदी मोडत असेल, तर ते पकडता येतं. जप्तीचा निकाल मात्र न्यायालयाने द्यायचा. १८५६च्या पॅरिस जाहीरनाम्यानेही तटस्थ झेंड्याखालच्या शत्रूच्या मालाला संरक्षण देताना युद्धसामग्री वगळलीच होती.

शिवाय बघतात तो जहाजाचा झेंडा, म्हणजे जहाज कुठल्या देशात नोंदलंय ते; खलाशाचा पासपोर्ट नव्हे. वरळीचा पोरगा पनामाच्या झेंड्याखाली असेल, तर भारताच्या तटस्थतेचा त्या जहाजाला काय उपयोग?

मुंबई बंदरात गोष्ट वेगळी. तटस्थ देशाच्या प्रादेशिक समुद्रात, म्हणजे किनाऱ्यालगतच्या त्याच्या हद्दीत, अशी झडती वा जप्ती १९०७च्या हेग कराराने निषिद्ध आहे. पण तटस्थ देशालाही बंधनं आहेत: लढणाऱ्या देशाच्या युद्धनौकेला तो शस्त्रं पुरवू शकत नाही, आणि दुरुस्तीही फक्त समुद्रप्रवासापुरतीच करू देता येते.