पिस्तुलाची साइट फिरवण्याआधी हे वाचा
(१० मीटर एअर पिस्तूल वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

"मामा, साइट गेली बघा. सगळं खाली डावीकडं जातंय."

बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या दुकानात हे वाक्य ऐकल्याशिवाय आठवडा जात नाही. आम्ही काय करतो? पिस्तूल शिकंज्यात घट्ट धरतो आणि पाच पेलेट (छर्रे) मारतो. निशाण्याच्या कार्डावर एकच भोक पडतं. पण ते मधोमध नसतं, वर उजवीकडं असतं, कारण घरी बॅकसाइटच्या (नेम धरायच्या मागच्या खाचेच्या) स्क्रूचे दहा-बारा क्लिक आधीच फिरवून झालेले असतात. पिस्तूल चांगलं होतं, ते आता बिघडवून आणलेलं असतं. ते परत जागेवर आणण्यात आमची अर्धी सकाळ जाते. तपासणीचे पैसे लावले की "नुसतं बघायला पैसे?" म्हणून तोंड वाकडं होतं. पेलेट, कार्डं आणि वेळ आमचीच जाते, एवढं ध्यानात घ्या.

उजव्या हातानं मारणाऱ्याचे नेम खाली डावीकडं जात असतील तर बहुतेक वेळा साइटचा दोष नसतो, ट्रिगरला हिसका बसलेला असतो. बोट एकटं मागं येत नाही, सगळी मूठ आवळली जाते. नळीच्या टोकावरची फोरसाइट आणि मागची बॅकसाइट यांच्यामधलं अंतर साधारण ३५ सेंटीमीटर धरा. त्या क्षणी फोरसाइट १ मिलिमीटर जरी सरकली, तरी १० मीटरवर पेलेट २८ मिलिमीटर लांब जातं. कार्डावरचं दहा गुणांचं वर्तुळ अवघं ११.५ मिलिमीटरचं, म्हणजे दहाचा सरळ सात होतो.

पटत नसेल तर दुकानात या. आम्ही पाठ करून पिस्तूल तयार करतो, कधी पेलेट घालतो, कधी ड्राय फायरवर (ट्रिगर सुटतो, पण पेलेट उडत नाही) ठेवून देतो. तुम्हाला कळू देत नाही. रिकाम्या पिस्तुलाचा 'टक्' झाला आणि नळीनं खाली मुंडी घातली, की पुढचं आम्हाला बोलावं लागत नाही. गेल्या पावसाळ्यात खानापूरहून आलेले एक निवृत्त फौजी तर स्वतःच हसायला लागले.

यावर औषध म्हणजे घरचा कोरडा सराव, म्हणजेच ड्राय फायर. पावसात रेंजवर येणं होत नाही, तेव्हा तर हाच खरा. आधी नळी उघडून रिकामी असल्याची खात्री करा आणि पेलेटची डबी दुसऱ्या खोलीत ठेवा. पलीकडं कुणी बसत नाही अशी पांढरी भिंत निवडा. तिच्यावर कार्ड लावू नका. कार्ड दिसलं की डोळा त्याच्या मधल्या काळ्या वर्तुळाकडं पळतो, आणि आपल्याला नजर फोरसाइटवर रोखायची आहे. बोटाच्या पहिल्या पेराची गादी ट्रिगरवर ठेवा आणि सरळ मागं दाबत राहा. हात थोडा डुलणारच, त्याला घाबरून "आत्ताच मारतो" म्हणून झटका देऊ नका. आठ-दहा सेकंदांत सुटलं नाही तर हात खाली घ्या. सुटल्यावरही दोन सेकंद तसेच थांबा आणि फोरसाइट कुठं गेली ते बघा. रोज १५ मिनिटं पुरेत.

मात्र हा सराव ज्या पिस्तुलात ड्राय फायरची सोय आहे त्यातच करायचा. स्प्रिंगचं पिस्तूल पेलेटशिवाय अजिबात उडवू नका. पिस्टनला पुढं हवेचा अडसर राहत नाही, तो थेट सिलिंडरच्या टोकाला आदळतो. वॉशर फाटतो, कधी स्प्रिंगही जाते. ते आम्ही वॉरंटीत धरत नाही.

पॅरिसला २०२४ साली शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्याच्या स्वप्नील कुसाळेनं रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं, तेव्हापासून नवी पोरं बरीच येतात आणि पहिलं मागणं असतं, "ट्रिगर अजून हलका करा." ५०० ग्रॅमच्या खाली आम्ही करून देत नाही. स्पर्धेत वजन टांगून ट्रिगर तपासतात, तिथं तुम्ही अडकाल. शिवाय हलक्या ट्रिगरनं हिसका जात नाही, फक्त लवकर सुटतो.

महिनाभर सराव करूनही नेम एकाच बाजूला जात असेल तर शेवटची दहा कार्डं घेऊन या. आम्ही समोर बसवून बघतो. ग्रिप हाताला बसत नसेल तर ती घासून देतो. रविवारी सकाळी गर्दी असते, मंगळवार-बुधवार बरा. पिस्तूल पेटीत बंद करून आणा, आणि तोवर बॅकसाइटचा स्क्रू तेवढा राहू द्या.