तारकांची विस्कटलेली मुळाक्षरं

हिवाळ्यात रात्री मृग नक्षत्राकडे नीट पाहिलंत तर एका कोपऱ्यातला काक्षी हा तारा तांबूस दिसतो आणि त्याच्या समोरच्या कोपऱ्यातला राजन्य निळसर पांढरा. काक्षीचं पृष्ठतापमान सुमारे ३,५०० केल्विन, राजन्यचं १२,००० च्या आसपास. लोहाराच्या भट्टीतलं लोखंडही आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं.

रंग ही मात्र ढोबळ खूण झाली. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून नेला, की रंगपट्ट्यात बारीक काळ्या रेषा उमटतात आणि ताऱ्याची खरी ओळख त्या रेषांत असते. हार्वर्ड वेधशाळेत विल्यमिना फ्लेमिंग यांनी हायड्रोजनच्या रेषा किती ठळक आहेत हे पाहून ताऱ्यांना ए, बी, सी अशी अक्षरं दिली. पुढे १९०१ मध्ये ॲनी जंप कॅनन यांनी त्यातली बरीच अक्षरं गाळली, उरलेली पुढेमागे केली आणि क्रम झाला ओ, बी, ए, एफ, जी, के, एम. पाठ करणाऱ्याला वैताग आणणारा, पण तापमानाच्या उतरत्या भाजणीत अगदी चोख. आपला सूर्य यात जी गटात बसतो.

मग सर्वांत तप्त अशा ओ ताऱ्यांत हायड्रोजनच्या रेषा पुसट का? तिथे हायड्रोजन कमी म्हणून? नाही. याचा उलगडा भारतीय भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहांच्या १९२० मधल्या समीकरणाने झाला. अणू ही इमारत समजा. आपल्याला दिसणाऱ्या रेषा उमटायच्या तर इलेक्ट्रॉन पहिल्या मजल्यावरून वर उडी मारायला हवा. थंड ताऱ्यात बहुतेक इलेक्ट्रॉन तळमजल्यावरच बसून असतात. फारच तप्त ताऱ्यात ते इमारत सोडूनच जातात. साधारण १०,००० केल्विनला पहिल्या मजल्यावरची गर्दी सर्वाधिक, म्हणून व्याधासारख्या ए ताऱ्यात रेषा सर्वांत ठळक. हेच समीकरण हाताशी धरून खगोलशास्त्रज्ञ सेसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये दाखवलं, की वर्णपट कितीही वेगळे दिसले तरी बहुतेक ताऱ्यांचा मालमसाला जवळपास सारखाच, आणि त्यात हायड्रोजन भरपूर. हे तेव्हा इतकं अविश्वसनीय वाटलं, की आपलाच आकडा खरा नसावा असं त्यांना प्रबंधात लिहावं लागलं. आकडा खरा होता.

तरी तापमानाने सगळं भागत नाही. हार्वर्डच्याच अँटोनिया मॉरी यांनी १८९७ मध्येच टिपलं होतं, की काही ताऱ्यांच्या रेषा विलक्षण बारीक असतात. त्यांच्या वरिष्ठांना त्यात फारसा अर्थ वाटला नाही. डेन्मार्कचे खगोलशास्त्रज्ञ हर्ट्‌झस्प्रुंग यांना मात्र वाटला. हा फरक सोडून देणं म्हणजे देवमासा आणि मासा एकाच गटात टाकण्यासारखं, असं त्यांनी हार्वर्डला कळवलं. बारीक रेषा म्हणजे विरळ वातावरण, अर्थात फुगलेला तारा. म्हणून अक्षरापुढे आता रोमन आकडाही लागतो: एक म्हणजे महाराक्षसी, तीन म्हणजे राक्षसी, पाच म्हणजे सूर्यासारखा.

रोहिणी आणि हंस तारकासमूहातल्या ६१ क्रमांकाच्या जोडीतला मोठा तारा, दोघेही के५ (इथला ५ म्हणजे के गटातली तापमानाची उपपायरी). पण रोहिणीचा रोमन आकडा तीन, त्याचा पाच. रोहिणी जवळपास सहापट लांब असूनही शहराच्या आकाशात डोळ्यांत भरते. हा दुसरा तारा अंधाऱ्या माळरानावरसुद्धा जेमतेम सापडतो.