घरगुती ब्रॉडबँड जोडणी (कोल्हापूर)

घरगुती ब्रॉडबँड जोडणी : घरी आणलेला नवा संगणक कायम सुरू राहणाऱ्या वेगवान इंटरनेट सेवेला जोडण्याची पद्धत. या जोडणीचे तीन टप्पे असतात : गल्लीतल्या खांबापासून घरापर्यंत येणारी वाहिनी, घरातला मोडेम किंवा राऊटर (आलेले नेट घरातल्या यंत्रांना वाटणारी पेटी), आणि तिथून संगणकापर्यंतचा दुवा. ‘नेट गेलंय’ एवढीच तक्रार फोनवर सांगितली जाते. बिघाड मात्र बहुतेक वेळा या तिन्हींपैकी एकाच ठिकाणी असतो. तो कुठे आहे हे घरच्या माणसाला ओळखता आले, तर तंत्रज्ञाची वाट पाहण्यातला बराच वेळ वाचतो. पुढील माहितीत म्हणूनच प्रत्येक टप्पा वेगळा तपासण्यावर भर आहे.

पूर्वपीठिका : भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने सुरू केली. त्या काळी टेलिफोनच्या तारेवरून जास्तीत जास्त ५६ केबीपीएस (सेकंदाला ५६ हजार बिट) वेग मिळे आणि नेट सुरू असेपर्यंत घरचा फोन अडकून राही. कोल्हापूर जिल्ह्याचे नाव याच दशकात देशभर गेले ते वारणानगरमुळे. १९९८ साली वारणा सहकारी समूहाच्या परिसरातली कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली ७० गावे संगणक केंद्रांनी जोडण्याचा प्रकल्प तिथे सुरू झाला. ऊस उत्पादकाला आपल्या उसाची आणि बिलाची माहिती गावातच मिळावी, हा त्यामागचा एक प्रमुख हेतू. पुढे त्यातले काही काम संगणकाऐवजी मोबाइलच्या लघुसंदेशांवर करून पाहण्यात आले. शहरातल्या घरांत अजून नेट पोहोचायचे होते, तेव्हा ऊसपट्ट्यातल्या गावांनी हा प्रयोग केला होता. जिल्ह्याच्या इतिहासात त्याची नोंद ठळकपणे व्हायला हवी.

केंद्र सरकारच्या २००४ च्या धोरणात किमान २५६ केबीपीएस वेगाला ब्रॉडबँड म्हटले होते. ही मर्यादा २०१३ मध्ये ५१२ केबीपीएस आणि २०२३ मध्ये २ एमबीपीएस (सेकंदाला २० लाख बिट) झाली. बीएसएनएलने २००५ पासून तांब्याच्या टेलिफोन तारेवरच एडीएसएल पद्धतीने ब्रॉडबँड दिले आणि ०२३१ ने सुरू होणारे घरचे फोन नेटलाही उपयोगी पडू लागले. त्यात टेलिफोन केंद्रापासून घर जितके लांब, तितका वेग कमी. पुढे टीव्हीचे केबलवाले नेट देऊ लागले आणि आता खाजगी कंपन्या, स्थानिक केबलचालक व बीएसएनएल हे सगळेच मुख्यतः फायबरवर आले आहेत.

वाहिनी : फायबर म्हणजे केसाइतकी बारीक काचेची तार. तिच्यातून वीज नव्हे, प्रकाश जातो. मोठ्या प्रमाणावर रूढ असलेल्या जीपॉन पद्धतीत एका मुख्य तंतूवरचा प्रकाश स्प्लिटरने ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. खाली येणारा एकूण वेग सुमारे २.५ जीबीपीएस (१ जीबीपीएस म्हणजे १००० एमबीपीएस) आणि वर जाणारा सुमारे १.२५ जीबीपीएस असतो. घरात भिंतीवर बसवलेली ओएनटी नावाची पेटी, म्हणजे फायबरचा मोडेम, या प्रकाशाचे संगणकाला कळणाऱ्या संकेतांत रूपांतर करते. जोडणी झाल्यावर तंत्रज्ञाला ‘पॉवर किती आली?’ असे जरूर विचारावे. डीबीएम हे पेटीपर्यंत पोहोचलेल्या प्रकाशाच्या ताकदीचे माप; उणे ८ ते उणे २७ डीबीएम ही साधारण चालणारी मर्यादा. उणे २६ च्या आसपास आकडा आला तर नेट आज चालेल, पण तार थोडी मुडपली की बंद पडेल. त्यामुळे जोड पुन्हा करून मागणे हा ग्राहकाचा हक्क समजावा. ओएनटीवर ‘लॉस’चा (प्रकाश येत नसल्याचा) लाल दिवा लागला, तर दोष घराबाहेरच्या वाहिनीत किंवा पेटीत घुसणाऱ्या फायबरमध्ये आहे. संगणकाशी खटपट करून काही उपयोग नाही. फायबरच्या उघड्या टोकात डोळा लावून पाहू नये : त्यातला लेझर दिसत नाही, पण डोळ्याला इजा करू शकतो.

संगणकापर्यंतचा दुवा : टेबलावरच्या संगणकाला शक्य असेल तिथे लॅन वायरच (राऊटरपासून थेट संगणकात जाणारी) लावावी. वाय-फाय सोयीचे आहे, पण एका जागी बसलेल्या यंत्राला त्याची गरज नसते आणि वायरने वेग स्थिर राहतो. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ अशा जुन्या भागांत हा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. तिथल्या जुन्या घरांच्या भिंती दगडमातीच्या आणि रुंद. राऊटर सोप्यात आणि संगणक माजघरापलीकडे असला की वाय-फायच्या दोन पट्ट्यांपैकी ५ गिगाहर्ट्‌झचा संकेत मधेच विरतो. २.४ गिगाहर्ट्‌झचा पोहोचतो, पण शेजारच्या दहा घरांचे राऊटर त्याच पट्ट्यात बोलत असल्याने तो अडखळतो. कॅट ५ई प्रकारची वायर १०० मीटरपर्यंत १ जीबीपीएस वाहते. ती घराच्या कोणत्याही कोपऱ्याला पुरते.

या वायरीतले एक दुखणे फार आढळते आणि फार क्वचित ओळखले जाते. २०० एमबीपीएसची योजना घेतली, मोबाइलवर वेग पूर्ण दिसतो, नव्या संगणकावर मात्र ९४-९५ च्या पुढे सरकत नाही. १०० एमबीपीएसला वायरीतल्या आठ तारांपैकी चारच लागतात, १ जीबीपीएसला आठही लागतात. टोकाची क्लिप बसवताना उरलेल्या चारांतली एक तार जरी नीट दाबली गेली नसेल, तरी दोन्ही यंत्रे आपसूक खालच्या वेगावर उतरतात आणि कोणतीही सूचना देत नाहीत. स्वस्त राऊटरचे पोर्टच (वायर बसते त्या खाचा) मुळात १०० चे असतात, तेव्हाही हेच दिसते. वेग मोजताना एमबीपीएस आणि फाइल उतरवताना दिसणारे मेगाबाइट यांत आठपट फरक आहे (एक बाइट म्हणजे आठ बिट), हेही ध्यानात ठेवावे : १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला १२.५ मेगाबाइट हा पूर्ण वेगच आहे.

राजारामपुरी-शाहूपुरीतल्या दुकानांतून जुळवून घेतलेल्या संगणकात बऱ्याचदा वाय-फाय नसते, आणि कधी लॅनचा ड्रायव्हरही (लॅन चालवणारे सॉफ्टवेअर) घातलेला नसतो. विंडोज ११ ची मांडणी तर सुरुवातीलाच इंटरनेट मागते आणि तिथे अडून बसते. अशा वेळी मोबाइल यूएसबी वायरीने जोडून त्याचे नेट संगणकाला द्यावे आणि ड्रायव्हर उतरवून घ्यावा. संगणकाची तारीख चुकलेली असेल तर वायर, राऊटर, सगळे ठीक असूनही सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, कारण त्यांची प्रमाणपत्रे तारखेवर तपासली जातात.

जुना संगणक काढून नवा लावल्यावर नेट अजिबात न येणे, हा स्थानिक केबलचालकांच्या जोडण्यांतला नेहमीचा प्रकार. काही चालक ग्राहकाच्या यंत्राचा मॅक पत्ता (त्या यंत्राचा स्वतःचा ओळखक्रमांक) आपल्याकडे बांधून ठेवतात. नव्या यंत्राचा पत्ता वेगळा असल्याने ते नाकारले जाते. फोन करून ‘मॅक रिसेट करा’ एवढे सांगितले की काम होते. मध्ये स्वतःचा राऊटर असेल तर चालकाला फक्त राऊटर दिसतो आणि पुढे संगणक कितीही बदलले तरी अडचण येत नाही. राऊटरमध्ये भरलेले पीपीपीओई (चालकाकडे प्रवेश मिळवण्याचे) नाव आणि पासवर्ड मात्र लिहून मागून घ्यावे. रिसेटचे छिद्र टाचणीने दाबले की ते पुसले जातात आणि नेट तिथेच थांबते.

दोष शोधताना क्रम असा ठेवावा : आधी ओएनटीचे दिवे, मग त्याच वाय-फायवर मोबाइल. मोबाइल चालतो आणि संगणक नाही, तर वाहिनी निर्दोष आहे. मग संगणकाचा आयपी पत्ता (नेटवर्कमधला त्याचा आकडी पत्ता) पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राऊटरकडून पत्ताच मिळालेला नाही, म्हणजे वायर किंवा पोर्ट तपासावे. १९२.१६८ ने सुरू होत असूनही पाने उघडत नसतील, तर डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा आयपी पत्ता शोधणारी सेवा) आणि तारीख पाहावी.

पाऊस, वीज आणि मिरवणुका : वळवाच्या विजांनी पूर्वी, गच्चीवरच्या स्विचपासून (नेट घरांत वाटणाऱ्या पेटीपासून) घरोघरी तांब्याची वायर जाई तेव्हा, लॅन पोर्ट मोठ्या प्रमाणावर जळत. फायबरने हा धोका बराच घटवला. वीजपुरवठ्याच्या बाजूने येणारा झटका मात्र राहतोच, म्हणून कडाडायला लागले की प्लग काढलेला बरा. ओएनटी आणि राऊटर बहुधा १२ व्होल्टवर चालतात आणि त्यांच्यासाठी छोटा यूपीएस मिळतो. मात्र संगणकाच्या मोठ्या यूपीएसवरच तिन्ही यंत्रे बसत असतील, तर वेगळा घेण्याची गरज नाही.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचे पाणी शहरात शिरले. सुतारवाडा, दुधाळी यांसारख्या सखल भागांत ओएनटी-राऊटरच्या पेट्या कमरेच्या उंचीवर बसवणे चुकीचे आहे. माळ्याजवळ बसवाव्यात, आणि खालून वर चढवायची वेळ आल्यास काढता येईल इतकी वायर गुंडाळून ठेवावी. पूरकाळात सुरक्षेसाठी वीज तोडली जाते आणि भागातल्या नेटच्या पेट्याही बंद पडतात, त्यामुळे घरचा यूपीएस भरलेला असला तरी नेट येईलच असे नाही. गणेशोत्सवात उंच मूर्तींसाठी रस्त्यावरच्या आडव्या वायरी उचलाव्या किंवा सोडाव्या लागतात. मिरवणुकीनंतर लाल दिवा लागला, तर पहिला संशय तिथेच घ्यावा.

दर आणि तक्रार : बिलावर १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. ‘अमर्याद’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक योजनांत महिन्याला ३३०० जीबीनंतर वेग उतरतो. साध्या घराला ही मर्यादा लागत नाही. तक्रार नोंदवल्यावर तिचा क्रमांक घ्यावा. समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते, आणि तिथे हा क्रमांक लागतो. सेवा सोडताना कंपनीच्या मालकीची ओएनटी परत करून पावती घ्यावी, म्हणजे अनामत रक्कम मागता येते.