फेलोशिप मिळाली, की प्रोजेक्टवर लागलात?

बडोद्याच्या दांडिया बाजारात पेढे येतात: 'आमच्या अमक्याला पोस्टडॉकची (पीएचडीनंतरच्या संशोधनाची) ग्रँट मिळाली!' खोदून विचारलं की कळतं, चिरंजीव सरांच्या प्रोजेक्टवर आरए, म्हणजे रिसर्च असोसिएट, म्हणून लागलेत. पेढा मी खातो. पण ग्रँट सरांची आहे हो, चिरंजिवांची नव्हे.

महिन्याचे पैसे दोन्हीकडे, मुदतही दोन्हीकडे. रकमेतल्या फरकावर उगाच डोकं शिणवू नका.

घोळ होतो तो 'मेंटॉर', म्हणजे मार्गदर्शक, या शब्दाशी. आरएचे सर मेंटॉर नसतात, प्रकल्पप्रमुख असतात. प्रश्न त्यांचा, बजेट त्यांचं. प्रस्ताव मंजूर झाला तेव्हा तुम्ही चित्रातही नव्हता. एएनआरएफ या केंद्राच्या संशोधन-निधी संस्थेच्या एनपीडीएफसारख्या (नॅशनल पोस्टडॉक्टरल फेलोशिप) फेलोशिपचं उलटं: प्रस्ताव तुमचा, अर्ज तुमचा, मेंटॉर फक्त संमती आणि बसायला जागा देतो.

आपल्या विश्वामित्री नदीतल्या मगरीच घ्या. सरांचा प्रकल्प गणनेचा असेल, तर आरएने मगरी मोजायच्या. पुरात सोसायटीत शिरलेली मगर पकडून दुसरीकडे सोडली तर ती परत येते का, हा तुमचा प्रश्न तुमच्या वहीतच राहणार. फेलो असाल तर तोच तुमचा प्रस्ताव. मात्र मग परवानग्याही तुमच्याच गळ्यात. मगर 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अनुसूची 1 मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत, आहे. तिला पकडून टॅग लावायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, आणि त्याआधी केंद्राचीही. एनपीडीएफ असते 2 वर्षांची. फाइल फिरते तेवढे दिवस त्यातूनच वजा.

म्हणून शोधनिबंधांची चळत बघून मेंटॉर निवडणं मला पटत नाही. वनखात्यात कागद कुठे अडतो हे ज्याला ठाऊक आहे, तो धरा. अमेरिकेतल्या डेव्हिड एच. स्मिथ फेलोशिपला तर एक मेंटॉर विद्यापीठातला आणि दुसरा प्रत्यक्ष संवर्धन करणाऱ्यांमधला लागतो. आपल्याकडे अशी सक्ती नसली तरी दुसरा माणूस स्वतःहून गाठावा. आणि संमतीपत्रावर सही मागायला शेवटच्या दिवशी संध्याकाळी जाऊ नये, एवढी तरी लाज बाळगा.

'आधी दोन वर्षं आरए, मग फेलोशिपचं बघू' म्हणणाऱ्यांनी जन्मदाखला काढून बघावा. एनपीडीएफची वयोमर्यादा, सवलती सोडल्या तर, 35 आहे.