कोल्हापूरला न पोचलेली डॉक्टर आणि क्षयरोगासाठी एकत्र आलेले खासदार

कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाला पूर्वी आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल म्हणत. 1886 साली तिथल्या स्त्रियांच्या विभागासाठी संस्थानानं एकवीस वर्षांच्या एका मुलीची नेमणूक केली. फिलाडेल्फियाला जाऊन डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात त्या मायदेशी परतल्या, पण कोल्हापुरात रुजू झाल्याच नाहीत. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात क्षयानं त्यांना नेलं.

रॉबर्ट कॉखनं क्षयाचा जंतू सापडल्याचं बर्लिनमध्ये जाहीर केलं ते 24 मार्च 1882 रोजी. म्हणजे आनंदीबाई गेल्या तेव्हा शत्रूची ओळख पटून पाच वर्षं होत आली होती. औषध हाती यायला मात्र आणखी साठेक वर्षं जायची होती आणि त्या वर्षांचा दोष कुणाला देता येत नाही. दोष द्यायचा तर तो पुढच्या काळाला. स्ट्रेप्टोमायसिन 1943 मध्ये सापडलं, दहा वर्षांच्या आत त्याच्या जोडीला आणखी औषधं आली, योग्य गोळ्या पूर्ण मुदत घेतल्या तर माणूस बरा होतो हे सिद्ध झालं. तरीही 2024 या एका वर्षात जगात 12.3 लाख माणसं क्षयानं दगावली आणि 1.07 कोटी लोकांना तो नव्यानं झाला. त्यातला जवळपास चौथा हिस्सा एकट्या भारताचा. औषध असताना माणसं का मरतात, याचं उत्तर दवाखान्यात पुरतं सापडत नाही. ते अंदाजपत्रकात, कायद्यात आणि सभागृहात कुणाचा प्रश्न विचारला जातो यात शोधावं लागतं. वेगवेगळ्या देशांचे खासदार क्षयरोगासाठी एकत्र का आले, ते इथून कळतं.

आपल्याकडे या रोगाचं राजकारण फार जुनं आहे. देशाच्या आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या 1946 च्या भोर समितीनं देशात सुमारे 25 लाख क्षयरुग्ण आणि वर्षाला 5 लाख मृत्यू असा अंदाज दिला होता. खाटा होत्या सहा हजारांच्या आसपास. ज्याला परवडायचं तो हवेशीर जागी, क्षयरुग्णांसाठीच्या सॅनिटोरियममध्ये जायचा. आपल्या भागातले लोक मिरजेजवळच्या वानलेसवाडीला जात. बाकीच्यांनी घरातल्या एका कोपऱ्यात, ताट-वाटी वेगळी करून दिवस मोजायचे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांनी बीसीजी लसीची देशव्यापी मोहीम पुढे रेटली, तर 1955 मध्ये खुद्द राजाजींनी, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारींनी, त्या लसीविरुद्ध जाहीर आघाडी उघडली. लसीवरून दोन मोठे नेते आमनेसामने आल्यामुळे क्षयरोग वर्तमानपत्रांत आणि सभांमध्ये चर्चेचा विषय झाला, हेही खरं.

त्याच सुमारास मद्रासमध्ये एक प्रयोग चालू होता. मला तो या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा वाटतो. 1956 पासून गरीब वस्त्यांतल्या काही रुग्णांना सॅनिटोरियममध्ये ठेवलं आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरातच औषधं दिली. 1959 मध्ये निष्कर्ष आला. घरी राहिलेले जवळपास तितकेच बरे झाले होते आणि त्यांच्या घरच्यांना जादा लागणही झाली नव्हती. टेकडीवरची हवा, महागडी खाट, महिनोन्‌महिने घर सोडणं, यातलं काहीच अनिवार्य नव्हतं. यावरून जगभर सॅनिटोरियमं ओस पडू लागली. पण याचा दुसरा परिणाम कमी सांगितला जातो. श्रीमंत देशांत राहणीमान आधीच सुधारलेलं होतं, औषधं आली आणि क्षय तिथल्या संसदांच्या विषयपत्रिकेवरून उतरला. संशोधनाचा पैसा आटला. 1960 च्या दशकात रिफाम्पिसिन आलं, त्यानंतर तब्बल चाळीसेक वर्षं क्षयासाठी नव्या जातीचं औषध बाजारात आलं नाही.

मग एचआयव्ही आला, त्याच्या पाठीवर बसून क्षय परतला आणि 1993 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं त्याला जागतिक आणीबाणी ठरवलं. भारतात 1962 पासून राष्ट्रीय कार्यक्रम होता. 1997 पासून तो डॉट्स, म्हणजे देखरेखीखाली गोळ्या देण्याच्या पद्धतीनं नव्यानं सुरू झाला आणि 2006 पर्यंत देशभर पोचला.

त्याच 2006 मध्ये ब्रिटनच्या संसदेत क्षयरोगावर एक सर्वपक्षीय गट उभा राहिला. हुजूर पक्षाचे निक हर्बर्ट त्यात पुढे होते. पुढे दक्षिण आफ्रिकेचे आरोग्यमंत्री आरॉन मोत्सोआलेदी यांच्यासोबत त्यांनी या कामाला देशाबाहेर नेलं. ऑक्टोबर 2014 मध्ये बार्सिलोनाला फुप्फुसविकारांवरची जागतिक परिषद भरली होती. तिथे निरनिराळ्या देशांच्या लोकप्रतिनिधींनी बार्सिलोना जाहीरनाम्यावर सह्या केल्या आणि ग्लोबल टीबी कॉकस हे जाळं जन्माला आलं. पुढच्या वर्षी केपटाउनला ते पुन्हा जमले आणि पाहता पाहता शंभराहून अधिक देशांचे खासदार त्यात आले. एका बाजूला ज्या देशात क्षय जवळपास विस्मरणात गेला तिथला खासदार, दुसऱ्या बाजूला ज्या देशात खाणीतला प्रत्येक मजूर त्याच्या छायेत जगतो तिथला मंत्री. ही जोडी मला महत्त्वाची वाटते. पैसा पहिल्याकडे असतो, गरज दुसऱ्याकडे.

खासदारानं यात करायचं तरी काय? गोळ्या वाटणं हे त्याचं काम नव्हे. तो सभागृहात तारांकित प्रश्न विचारू शकतो, अंदाजपत्रकातली तरतूद किती आणि खर्च किती हे उकरून काढू शकतो, स्थायी समितीत अधिकाऱ्याला बोलावू शकतो आणि आपल्या पंतप्रधानाला पत्र लिहून सही गोळा करू शकतो. एकट्याचं पत्र फायलीत जातं. पन्नास देशांत एकाच महिन्यात तीच मागणी झाली, तर परराष्ट्र खात्यांना दखल घ्यावी लागते.

संयुक्त राष्ट्रांची क्षयरोगावरची पहिली उच्चस्तरीय बैठक या दबावातूनही घडली. नोव्हेंबर 2017 मध्ये मॉस्कोत मंत्र्यांची परिषद झाली, मार्च 2018 मध्ये दिल्लीच्या परिषदेत भारतानं क्षय संपवण्यासाठी 2025 हे वर्ष ठरवलं, आणि 26 सप्टेंबर 2018 रोजी न्यूयॉर्कला जगातले नेते क्षयासाठी बसले. त्याआधीच्या जुलैमध्ये एक प्रसंग घडला. मसुदा सर्व देशांकडे गेला होता आणि रीत अशी, की ठरलेल्या वेळेपर्यंत कुणी बोललं नाही तर मौन म्हणजे संमती. स्वस्त औषधं बनवण्यासाठी पेटंटच्या नियमांत देशांना असलेली मोकळीक अमेरिकेच्या आग्रहावरून मसुद्यातून गळली होती. दक्षिण आफ्रिकेनं मौन मोडलं. वाटाघाटी पुन्हा सुरू झाल्या आणि तो उल्लेख शेवटच्या मजकुरात परत आला.

ठरलं असं: 2022 पर्यंत 4 कोटी लोकांवर उपचार, 3 कोटी लोकांना प्रतिबंधक औषध आणि दरवर्षी 1300 कोटी डॉलर. मधे करोना आला. तरी उपचार सुमारे 3.4 कोटी लोकांपर्यंत पोचले, प्रतिबंधक औषध मात्र निम्म्यांनाच मिळालं. पैसा तर 2022 मध्ये 580 कोटी डॉलरच उभा राहिला, कबुलीच्या निम्म्याहून कमी.

पेटंटचा तो उल्लेख कागदी नव्हता, हे पुढे मुंबईनं दाखवलं. बेडाक्विलिन हे औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरचं नवं औषध. त्याच्या एका रूपावरचं पेटंट भारतात मंजूर झालं असतं, तर ते बनवणाऱ्या कंपनीची मक्तेदारी 2027 पर्यंत लांबली असती. मुंबईच्या नंदिता वेंकटेसन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा तिसिले यांनी 2019 मध्ये भारताच्या पेटंट कार्यालयात हरकत घेतली. दोघी क्षयातून वाचलेल्या, आणि दोघींची श्रवणशक्ती जुन्या इंजेक्शनांनी गेलेली. मार्च 2023 मध्ये कंपनीचा अर्ज फेटाळला गेला. परदेशातल्या एका बाईला भारतात अशी हरकत घेता आली, कारण पेटंट मंजूर होण्याआधी कुणालाही विरोध नोंदवता येईल अशी तरतूद आपल्या संसदेनं कायद्यात ठेवली होती. कायदा करणाऱ्यांचं काम कुठे येऊन पोचतं, ते इथे दिसतं.

आता कोल्हापूर. दिवाळी झाली की बीड-धाराशिवकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून आपल्या साखर कारखान्यांवर येतात. कागलकडच्या एका फडावर मी मजुरांच्या एका कोपीत, म्हणजे झोपडीत, बसलो होतो. तुळईसारख्या आडव्या बांबूला एक प्लास्टिकची पिशवी लटकत होती. त्यात रेशन कार्ड, आधार आणि क्षयाच्या गोळ्यांच्या पट्ट्या, उंदरांपासून जपलेल्या. मजुरीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. बाईला आजार, आणि थुंकी तपासायला गावात जायचं म्हणजे एक खाडा. खाड्याचे पैसे मुकादम आगाऊ दिलेल्या उचलीत धरतो. तिला पहाटेची, खोकून खोल छातीतून काढलेला बेडका तपासणीच्या छोट्या डबीत द्यायचा होता, पण पहाटे तर ती फडावर असायची. उपचार साधा क्षय असला तरी सहा महिन्यांचा आणि हंगाम चार-पाच महिन्यांचा. म्हणजे कुठूनही धरा, उपचाराच्या मधेच तिला जिल्हा बदलायचा असतो.

तिची नोंद क्षयरुग्णांच्या सरकारी ‘निक्षय’ प्रणालीत असते आणि एका जिल्ह्यातून दुसऱ्यात वर्ग होऊ शकते, ही मोठी सोय आहे. पोषण आहारासाठीचे दरमहा 500 रुपये नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले तेही खरं. खाल्ल्यावाचून गोळ्या पोटात टिकत नाहीत. झारखंडमधल्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात घरच्यांना पुरेसा आहार दिल्यावर त्यांच्यातला क्षय जवळपास 40 टक्क्यांनी कमी झाला होता. पण ती मतदार तिकडची आणि आजारी इकडे. तिच्या खोकल्याचा प्रश्न इथल्या आमदाराच्या यादीत नसतो आणि तिकडच्या आमदाराला तो ऐकू येत नाही. देशांच्या सीमेवर खासदारांना जे गाठायचं होतं, तेच एका राज्यात दोन जिल्ह्यांमध्येही गाठायचं राहिलं आहे. तीच कथा निपाणीकडून सीपीआरच्या रांगेत येणाऱ्या कर्नाटकातल्या रुग्णाची. आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतल्या कामगाराचीही, ज्याच्या फुप्फुसात साच्याच्या वाळूची बारीक धूळ साचते. या धुळीनं सिलिकोसिस झालेल्या फुप्फुसात क्षय सहज शिरतो, आणि कायद्यानं सिलिकोसिस नोंदवणं बंधनकारक असूनही बहुतेक वेळा क्षयाचाच उपचार होतो, धुळीकडे कुणी बघत नाही.

सप्टेंबर 2023 मध्ये न्यूयॉर्कला दुसरी उच्चस्तरीय बैठक झाली आणि 2027 पर्यंत 4.5 कोटी लोकांवर उपचार, दरवर्षी 2200 कोटी डॉलर अशी नवी कबुली झाली. पाठोपाठ 2025 च्या सुरुवातीला अमेरिकेनं परदेशी मदत रोखली आणि अनेक गरीब देशांतल्या क्षय कार्यक्रमांना धक्का बसला. भारताचा कार्यक्रम मुख्यतः स्वतःच्या पैशावर चालतो म्हणून आपण तितके कोसळलो नाही. पण 2015 ते 2024 मध्ये इथली नवी लागण लाखामागे 237 वरून 187 वर आली, म्हणजे 21 टक्के घट. 2025 साठीचं लक्ष्य 80 टक्क्यांचं होतं. ही तफावत संसदेत मोठ्यानं वाचली जायला हवी, आणि वाचणारा खासदार कोल्हापूरचाही असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतींना आता ‘टीबीमुक्त’ दाखला मिळतो. वर्षाला हजार लोकसंख्येमागे किमान 30 संशयितांची तपासणी झालेली असावी आणि रुग्ण एकाहून जास्त नसावा, असे निकष आहेत. ग्रामसभेत सरपंच तो आकडा वाचतात. गावाच्या शिवारात पाच महिने राहणाऱ्या कोप्या त्या हजारात धरायच्या की नाही, हा प्रश्न त्याच सभेत विचारता येतो. हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो.